गोंदियावरून गेलेली एक गाडी



रोवणीचा शिणवटा उतरलेला असतो, हलके धान पिवळे पडू लागते आणि कापणीला अजून आठ-पंधरा दिवस अवकाश असतो, अशा दिवसांत एक दिवसाची सवड काढा आणि नागपूरहून पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीत बसा. शक्यतो ठिकठिकाणी थांबणारी गाडी घ्या आणि खिडकीजवळची जागा धरा. तुमसर रोड सोडले की माडगीजवळ वैनगंगेचा मोठा पूल लागतो. पुढे मुंडीकोटा, तिरोडा, गंगाझरी अशी स्टेशने येतात. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, मध्ये एखादा मालगुजारीच्या काळातला तलाव, त्यात शिंगाड्याचे वेल. नशीब चांगले असेल तर बांधीत उभी असलेली सारसाची जोडीही दिसेल. महाराष्ट्रात हा पक्षी उरला आहे तो मुख्यतः आपल्या गोंदिया जिल्ह्याच्या बाजूलाच.

हा जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. रेल्वे मात्र फार जुनी. नागपूरहून निघालेली छोट्या रुळांची लाईन 1882 च्या सुमारास राजनांदगावपर्यंत पोहोचली. पुढे ती बंगाल नागपूर रेल्वेकडे गेली आणि रुळ रुंद झाले. तांदूळ, तेंदूपाने, लाकूड या मार्गाने किती गेले असेल त्याचा हिशेब व्यापाऱ्यांनी ठेवला असेल. मला आज या मार्गावरून गेलेल्या दोन माणसांविषयी सांगायचे आहे.

1893 च्या सुमाराची गोष्ट. कोकणातल्या करजगावी जन्मलेले नारायण वामन टिळक तेव्हा तिशीत होते. शाळेत ज्यांनी ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता शिकली असेल, त्यांनी हे टिळक ओळखले असतीलच. राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी ते नागपूरहून निघाले होते. डब्यात एक गोरा प्रवासी होता. त्या काळी गोऱ्याच्या डब्यात शिरणे म्हणजे अपमानाची तयारी ठेवून शिरणे. या माणसाने मात्र टिळकांशी अतिशय अदबीने वागायला सुरुवात केली. बोलणे काढले तेही संस्कृत काव्याचे. म्हणजे समोरच्याला ज्याचा अभिमान, ज्यात तो आपल्याहून वरचढ, तो विषय त्याने आधी घेतला. धर्माची गोष्ट नंतर आली. शेवटी त्याने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती दिली, ती वाचण्याचे वचन घेतले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. हे गृहस्थ फ्री मेथडिस्ट पंथाचे मिशनरी अर्नेस्ट वॉर्ड होते, असे चरित्रकार सांगतात.

गोंदिया मागे पडले की थोड्या वेळाने आमगाव येते. तिथून जवळच पदमपूर हे गाव आहे. ‘उत्तररामचरित’ लिहिणारा आठव्या शतकातला नाटककार भवभूती स्वतःला विदर्भातल्या पद्मपूरचा म्हणवतो आणि ते पद्मपूर म्हणजे हेच गाव, असे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी मांडले. आमगावच्या महाविद्यालयालाही भवभूतीचेच नाव आहे. संस्कृत काव्याच्या गप्पा रंगलेली ती गाडी भवभूतीच्या शिवेवरून गेली, याची मला मोठी मौज वाटते.

राजनांदगावला पोहोचल्यावर टिळकांनी दिलेला शब्द पाळला. पुस्तक सुरुवातीला त्यांना मुळीच रुचले नाही. तरी वचन दिले म्हणून ते वाचत राहिले आणि डोंगरावरच्या प्रवचनाशी आल्यावर त्यांना पुस्तक सोडवेना. शंका काढल्या, पत्रव्यवहार केला, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

आता तुमच्यापैकी कोणी विचारील, साहेब, मग ते सौजन्य म्हणजे गळाला लावलेले आमिषच ना? हा प्रश्न रास्त आहे. मिशनऱ्याला माणूस आपल्या धर्मात यावा असे वाटत होते, यात शंका नाही. पण त्याने ते झाकून ठेवले नाही. मनातले तोंडावर सांगितले, पुस्तक हातात दिले, आणि पुढचा विचार टिळकांवर सोपवला. ख्रिस्ती लोकांच्या ग्रंथात पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेले पत्र आहे. त्याच्या तेराव्या अध्यायात प्रेमाची लक्षणे सांगताना ते उद्धटपणे वागत नाही, हेही एक लक्षण सांगितले आहे. त्याग, बलिदान असल्या मोठ्या गोष्टींच्या ओळीत इतकी साधी गोष्ट बसवली, हे मला विचार करायला लावते. आयुष्यात बलिदानाची वेळ किती जणांवर येते? समोरच्याशी बोलण्याची वेळ मात्र दिवसातून पन्नासदा येते.

आमच्या विस्ताराच्या कामात हे रोज दिसते. नवा मुलगा कामावर येतो, शिकलेला असतो, सल्लाही बरोबर देतो, पण बापाच्या वयाच्या शेतकऱ्याला ‘तू’ म्हणतो. शेतकरी मान हलवतो आणि बांधीत जाऊन आपल्याच मनाचे करतो. दुसरा येतो, आधी विचारतो की या जमिनीत आजवर कोणते धान साधले, परे किती दिवसांचे लावता. मग आपले सांगतो. त्याचे ऐकले जाते. आपल्या झाडीच्या बोलीत तर हे आधीपासूनच आहे. ‘बसा जी’, ‘पाणी घ्या जी’, ‘काहून जी?’ हा ‘जी’ मोठ्या शेतकऱ्यालाही लागतो आणि मजुरी करणाऱ्या म्हाताऱ्यालाही लागतो, निदान लागायला हवा. सालेकशाकडे गोंडी, आमगाव-गोंदियाकडे पोवारी, सीमेवर छत्तीसगढी, सगळीकडे हिंदी. इतक्या बोली एका डब्यात बसतात तेव्हा या ‘जी’वरच पुष्कळसे निभावते.

मात्र टिळकांची गोष्ट इथेच सोडली तर ती अर्धी राहील. परक्याच्या अदबीने ज्यांचे आयुष्य बदलले, त्याच टिळकांच्या बाप्तिस्म्याची बातमी पत्नी लक्ष्मीबाईंना मागाहून, दुसऱ्यांच्या तोंडून कळली. त्या माऊलीवर आकाश कोसळले. टिळक स्वभावाने तापट आणि लहरी होते, हेही लक्ष्मीबाईंनी लपवलेले नाही. बाहेरच्याशी गोड आणि घरच्याशी तुटक, ही खोड आपल्याही उंबऱ्याआड थोडीथोडकी नाही.

पुढची वर्षे दोघांनी वेगळी काढली. नंतर लक्ष्मीबाई टिळकांकडे आल्या त्या आपले सोवळे घेऊनच, आणि टिळकांनी ते चालू दिले. नवरा ख्रिस्ती, बायकोचे सोवळे वेगळे, एकाच घरात! धर्म बदला म्हणून त्यांनी बायकोवर जबरदस्ती केली नाही. जातिभेद हा माणसांनी केलेला आहे, देवाने नव्हे, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचाराने पटले आणि 1900 साली त्यांनी आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. जी अदब त्या गाडीत टिळकांना मिळाली होती, ती उशिरा का होईना, घरात पोहोचली.

पुढे 1917 साली टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही बसू शकत. दोनच वर्षांनी, 9 मे 1919 रोजी ते गेले.

आमगावनंतर सालेकसा, मग दरेकसा. इथे सपाट बांध्या संपतात आणि जंगल, डोंगर रुळांजवळ येतात. पावसाळ्यात हाजरा धबधबा इथूनच जवळ. पुढे बोरतलावकडे जाताना बोगदा लागतो आणि पलीकडे छत्तीसगड. दरेकशाला उतरून धबधबा पाहणार असाल तर दुपारच्या आत परता. संध्याकाळी थांबणाऱ्या गाड्या थोड्या आहेत. सोबत वाचायला काही हवे असेल तर लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. तिचा पहिला भाग 1934 साली निघाला. तालुक्याच्या वाचनालयात मागा, बहुधा मिळेल. शाळा न शिकलेल्या बाईने लिहिलेले ते पुस्तक आहे. घरातल्या लेकीसुनांना मोठ्याने वाचून दाखवायला लावा, हसून पोट दुखेल.