बाबांचा स्टिरिओ

गाडी बाबांची, ते गेल्यावर माझ्याकडे आली. दुकानदार म्हणाला, “हा स्टिरिओ काढू, टचस्क्रीन बसवू.” मी नको म्हटलं. पहिल्या बटणावर बाबांनी लावलेली विविध भारती होती. मग कंपनीच्याच स्टिरिओच्या स्पीकर-वायरींना हाय-लो कन्व्हर्टर जोडला. तो सिग्नल अ‍ॅम्प्लिफायरला झेपेल इतका खाली आणतो. पुढच्या दारांत कंपोनंट स्पीकर, आतल्या पत्र्याला डॅम्पिंग शीट. खरा फरक शीटनेच पडला. आधी दार पिंपासारखं वाजायचं. अ‍ॅम्पच्या वायरला बॅटरीजवळच फ्यूज हवा, तिथे काटकसर नको. बॅटरी काढली की स्टेशनं पुसली जाऊ शकतात, म्हणून आकडे आधीच लिहून ठेवले होते.

आई शेजारी बसली. मी पहिलं बटण दाबलं.

“आवाज कमी कर,” ती म्हणाली, “त्यांना एवढा चालायचा नाही.”