वडीलधाऱ्यांसह जहाजावरून उतरताना

झुआरी नदीच्या पुलापाशी आमची बस वाहतुकीत अडकली, तेव्हा सूर्य पाण्यापासून वीतभर वर उरला होता. अण्णांनी एकदा घड्याळाकडे पाहिले, एकदा पश्चिमेकडे पाहिले. बोलले काही नाहीत. मुरगाव बंदरात पोहोचून, तपासणीची रांग ओलांडून जहाजावर पाऊल ठेवेपर्यंत अंधारून आले होते. भोजनगृहात जैन जेवण तयार होते. आई आणि अण्णा तिकडे न वळता सरळ आपल्या खोलीकडे गेले. "आज उपवास घडला, बरेच झाले," एवढेच आई म्हणाली. तिच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच ते वाक्य आम्हा दोघा भावांना अधिक लागले.

मुंबईहून गोवा आणि पुढे कोची असा तो जानेवारीतला जलप्रवास. आम्ही नऊ जण होतो. अण्णांचे वय 82, आईचे 77. सर्वांत धाकटी पुतणी सहा वर्षांची. जहाजावर जैन जेवण मिळेल का, याची चौकशी आम्ही पुन्हा पुन्हा केली होती. कंदमूळ नको, सूर्यास्तापूर्वी ताट हवे, हे सारे लेखी कळवले होते आणि जहाजावर त्यात काही उणे पडले नाही. जहाजाबाहेरच्या आठ तासांचा मात्र आम्ही विचारच केला नव्हता. ते काम जहाजाच्या सामूहिक सहलीवर सोपवून मोकळे झालो. चाळीस माणसांची बस, जुन्या गोव्यातील दोन चर्च, मग आणखी चार ठिकाणे. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटांसाठी उतरायचे आणि पुन्हा चढायचे. आम्ही स्थळांची यादी वाचली होती, पायऱ्या मोजल्या नव्हत्या. तिसऱ्या थांब्यानंतर आई बसमध्येच बसून राहिली. दोष सहलीचा नव्हता. ती आमच्या कुटुंबासाठी आखलेलीच नव्हती.

कोचीसाठीही तशीच मोठी योजना होती: अलप्पुळा येथे जाऊन हाऊसबोट. अंतर सुमारे 55 किलोमीटर, म्हणजे जाता-येता मिळून तीन तास रस्त्यावरच. त्या रात्री डेकवर उभे राहून, मुरगावचे दिवे दिसेनासे होण्याआधी आणि फोनची रेंज जाण्याआधी, आम्ही ते आरक्षण रद्द केले. पैसे बुडाले. माझा सतरा वर्षांचा मुलगा रुसला.

खरे तर अण्णा या प्रवासाला तयार झाले ते कोचीच्या नावामुळे. सांगलीत आमची अडत हळदीची. पण सुंठ आणि मिरी अण्णा मट्टांचेरीच्या एका पेढीकडून मागवत. जवळजवळ चाळीस वर्षे पत्रे, तारा, पुढे दूरध्वनी, आणि टपालाने येणाऱ्या नमुन्याच्या पुड्या असा तो व्यवहार चालला. एकमेकांच्या शब्दावर माल निघे. ते गाव मात्र त्यांनी कधी पाहिले नव्हते.

खासगी गाडी ठरवताना एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबते. आपण स्वतः ठरवलेल्या गाडीसाठी ते थांबत नाही. म्हणून खासगी फेरी बंदराजवळचीच असावी. कोचीत हे सहज जमते, कारण जहाज विलिंग्डन बेटाच्या धक्क्याला लागते आणि पूल ओलांडला की मट्टांचेरी. धक्क्याला लागणे ही गोष्टही गृहीत धरू नये. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी मोठे जहाज खोल पाण्यात उभे राहते आणि लहान होडीत उतरावे लागते; लाटेवर हलणाऱ्या होडीत पाय टाकणे गुडघेदुखीच्या माणसाला झेपत नाही. शिवाय आपली गाडी धक्क्यापर्यंत येणार की बंदराच्या फाटकापर्यंतच, हे आधी विचारावे. आम्ही टेम्पो ट्रॅव्हलर न घेता दोन इनोव्हा सांगितल्या, कारण ट्रॅव्हलरची पायरी उंच असते. दोन गाड्या असल्या की दुपारी दोन वाटांनी जाता येते, हा त्याहून मोठा लाभ. आईच्या पायाखाली ठेवायला जहाजावरच्या सेवकाने एक लहानसा पाट मिळवून दिला. दिवसभरात सर्वांत उपयोगी पडला तो तोच.

मट्टांचेरीच्या गुजराती रोडवर 1904 साली बांधलेले धर्मनाथ भगवंतांचे देरासर आहे. पंधरावे तीर्थंकर तेथे मूलनायक आहेत. आम्ही दिगंबर, मंदिर श्वेतांबर. आंगी ल्यालेली, डोळे असलेली मूर्ती आईला नवी होती. तिने क्षणभर न्याहाळले आणि णमोकार म्हणत हात जोडले. जहाजावर देवदर्शन नाही ही रुखरुख तिला तीन दिवस लागून होती. दुपारी बाराच्या सुमारास तेथे कबुतरांना दाणे घालतात. थवा उठतो, फिरून खाली येतो. धाकटीच्या ओंजळीतले दाणे संपेपर्यंत आई संगमरवरी पायरीवर बसून होती आणि तिला कोणी घाई करत नव्हते.

जेवणाची व्यवस्था जवळच्याच एका गुजराती कुटुंबाकडे आदल्या रात्री फोनवरून केली होती. केरळी साद्याच्या पंगतीत सुरण असतो, आप्पमचे पीठ रात्रभर आंबवलेले असते. म्हणून ऐनवेळी हॉटेल शोधण्यात अर्थ नव्हता.

जेवणानंतर दोन वाटा झाल्या. मुले आणि त्यांच्या आया फोर्ट कोचीहून वॉटर मेट्रोने हायकोर्ट जेट्टीपर्यंत जाऊन आल्या. बॅटरीवर चालणाऱ्या या वातानुकूलित बोटी 2023 साली सुरू झाल्या. त्यांचा धक्का तरंगता असल्याने भरती-ओहोटीतही बोटीच्या पातळीत राहतो. वृद्धांनाही ही फेरी सोसेल. रुसलेल्या चिरंजीवांची समजूत तिने काढली. कोचीची प्रसिद्ध चिनी जाळी त्यांनी बोटीतूनच पाहिली. आई-अण्णांना मी तिकडे मुद्दाम नेले नाही. तडफडणारे मासे पाहायला आपली माणसे कशाला न्यायची? डच पॅलेस शुक्रवारी आणि ज्यूंचे सभागृह शनिवारी बंद असते, हेही जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. आमचा दिवस मंगळवार होता, तरी ती दोन्ही आम्ही सोडली.

आम्ही बाजार रोडला गेलो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला ओळीने जुनी गोदामे. काहींत आता जुन्या वस्तूंची दुकाने आहेत, काही चित्रप्रदर्शनांसाठी वापरली जातात. पण मधूनच एखाद्या उघड्या दारातून सुंठेचा झणका येतो. आपल्याकडे ओले आले वर्ज्य, सुंठ चालते. आईने पदर नाकाशी न नेता तो वास छातीभर घेतला. देरासरातल्या एका वृद्ध गृहस्थांनी अण्णांच्या पेढीची खूण सांगितली होती. मालक केव्हाच गेले, मुले बंगळूरला. आम्हाला सापडला तो बंद दरवाजा. त्यावर पाटी नव्हती.

अण्णा काठी टेकून त्या दरवाजासमोर बराच वेळ उभे होते. "पत्ता पाठ आहे मला," म्हणाले, आणि त्यांनी तो इंग्रजीत, पिनकोडसकट म्हणून दाखवला. मग शेजारच्या गोदामात गेले. पोती भरणाऱ्या माणसाला "जय जिनेंद्र" म्हणून, परवानगी मागून सुंठेचे एक बोट उचलले, कानाजवळ धरून मोडले. आवाज नीट झाला नाही.

"ओल आहे अजून," ते मला म्हणाले. "चार दिवस ऊन दाखवायला हवे."

गोदामवाल्याला मराठी येत नव्हते, पण तो हसला. बहुधा त्यालाही ते ठाऊक होते. चार वाजता गाड्या बंदराकडे वळल्या. साडेपाचला आई-अण्णांची ताटे मांडली गेली, तेव्हा खिडकीतून ऊन अजून टेबलावर येत होते.