भाड्याची भिंत

भाड्याच्या घरात सगळ्यात महाग वस्तू म्हणजे भिंत. पंखा बिघडला तर मालक कुरकुरत का होईना, बदलून देतो. भिंतीत नवा खिळा दिसला की मात्र डिपॉझिटमधून पैसे जातात. आमच्या करारात तसं कलमच आहे. अकरा महिने आम्ही ते पाळतो, मग पुन्हा सही करून पुढचे अकरा महिने पाळतो. आणि या घरात आमची सहा वर्षांची लेक वाढतेय, जिला पेन्सिल हातात आल्यापासून कागदापेक्षा भिंत जास्त आवडते.

'मुलांची खोली' म्हणजे डोंबिवलीतल्या आमच्या वन बीएचकेमध्ये बेडरूमचा एक कोपरा. तिची गादी, खेळण्यांचं खोकं आणि गादीला लागून सहा फूट भिंत. मुलांच्या खोल्या कशा सजवाव्यात याची रील्स मीही बघते. बेज रंग, लाकडी ढग, भिंतीवर इंग्रजी अक्षरांत बाळाचं नाव. सुंदर असतात, पण सहा वर्षांच्या कुठल्याही मुलाने स्वतःहून बेज रंग निवडला असेल यावर माझा विश्वास नाही. त्या खोल्या आईबापांच्या असतात, मुलं तिथे झोपायला येतात.

आमच्या भिंतीला डिस्टेंपर आहे. हात फिरवला की पांढरी पूड हाताला लागते. चिकटपट्टी लावली तर ती एकतर दोन दिवसांत गळते, नाहीतर निघताना रंगाचा पोपडा घेऊन येते. जुलैत बाहेरून ओल येते ती वेगळीच. तिच्या काकाने हौसेने जंगलाचे स्टिकर आणले होते. जिराफ पहिल्याच पावसात गेला, गणपतीपर्यंत एकटा हत्ती उरला होता.

एका दुपारी मी तिच्या गादीवर आडवी होऊन बघितलं. तिथून दिसतो स्विचबोर्डचा खालचा भाग, वर ट्यूबलाइट आणि नाकासमोर जमिनीपासून दोन-अडीच फुटांचा भिंतीचा पट्टा. आपण फ्रेम लावतो, पोस्टर लावतो, ते सगळं आपल्या डोळ्यांच्या उंचीवर. मुलाला ते मान वर करून बघावं लागतं, म्हणून ते बघतच नाही. तिची खरी भिंत अडीच फुटांची आहे हे कळल्यावर बजेटचा निम्मा प्रश्न तिथेच सुटला.

उरलेला निम्मा पैशाचा नव्हता. आधीच्या घरात आम्ही दाराच्या चौकटीवर तिची उंची पेन्सिलीने लिहायचो, दर वाढदिवसाला एक रेघ. घर सोडायच्या आदल्या दिवशी मालकांचा रंगारी आला आणि आमच्यासमोर चौकटीला ऑइलपेंटचा हात मारून गेला. ती म्हणाली, "माझे वाढदिवस पुसले." रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापले गेले, त्याचा राग महिनाभर टिकला असेल. पण नव्या घरात पहिल्या रात्री तिने विचारलं, "आई, हे घर किती दिवसांचं आहे?" याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. एवढंच ठरवलं, की यापुढे तिचं जे काही असेल ते भिंतीवर नको. ते आमच्याबरोबर यायला हवं.

वारली चित्रं आठवली ती यामुळे. डहाणू-तलासरीकडच्या घरांत शेणामातीने सारवलेल्या, गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने ही चित्रं काढत. लग्नाच्या वेळी बायका चौक लिहीत, त्यात पालघट देवी असे. पुढे भिंत सारवली की चित्र जाई, पुन्हा कार्य निघालं की पुन्हा काढत. १९७०च्या दशकात ही चित्रं कागदावर, कापडावर आली आणि भिंत सोडून प्रवासाला लागली. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे याच काळात पुढे आले. त्यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८मध्ये ते गेले. भिंतीवरचं कापडावर नेता येतं, हे जगाने आधीच करून बघितलं होतं.

तीन मीटर मांजरपाट आणला. तो आधी धुवावा लागतो, नाहीतर त्यातली खळ रंग धरू देत नाही. दोन तुकडे जोडून, मशीनवर कडा मारून पडदा केला. रात्रभर भिजवलेल्या गेरूत थोडा फेव्हिकॉल घातला, म्हणजे वाळल्यावर पूड पडत नाही, आणि गच्चीवर दोन हात दिले. पांढऱ्यासाठी पोस्टर कलर घेतला. तांदळाचं पीठ अस्सल खरं, पण आमच्या सोसायटीतल्या झुरळांना मेजवानी घालायची नव्हती. सगळं मिळून चारशेच्या आत. चौक आम्ही काढला नाही. तो त्यांच्या देवीचा आहे, आमच्या बेडरूमची सजावट नाही. दोन त्रिकोणांचा माणूस कसा होतो तेवढं मी तिला दाखवलं आणि बाजूला झाले.

तिने लोकल काढली. दारात लटकलेली त्रिकोणी माणसं, एकाच्या हातात डबा. "हा बाबा." मग लिफ्ट, लिफ्टमध्ये अडकलेली मांजर, आणि एक जिराफ, तोच तो. सगळं अडीच फुटांच्या आत, कारण तिचा हात बसून तिथवरच पोचतो. वरचा गेरू मोकळा ठेवला. नवऱ्याला तो अर्धवट वाटतो. मला तो आवडतो. ती उभी राहून काढेल तेव्हा भरेल.

आधीच्या भाडेकरूचे दोन खिळे होते, त्यांवर काठी टाकून पडदा सोडला. खालची कड जमिनीला टेकते, म्हणून उजव्या काठाला उंचीच्या रेघा आल्या. जुने वाढदिवस डॉक्टरांच्या फाइलमध्ये सापडले: दोन वर्षं, ८४ सेंटिमीटर. तीन, ९३. चार, १००. पाच, १०७. नवरा म्हणतो कापड ताणलं जातं, अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे होणारच. होऊ दे.

मार्चमध्ये करार संपतोय. मालक फ्लॅट विकायचं म्हणतायत, दोन पार्ट्या बघून गेल्या. त्यातल्या एक बाई पडद्यासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "हे राहणार का इथे?" आमची लेक मध्येच म्हणाली, "नाही, हे माझ्याबरोबर येणार." आता तिला एकच काळजी आहे. घडी घातली तर लोकलवर सुरकुती पडेल. प्लंबरकडून पीव्हीसी पाइपचा पाच फुटी तुकडा मागून आणलाय, पडदा त्यावर गुंडाळायचा. सध्या तो तिच्या गादीमागे उभा आहे.