सरळ रेषेतील मुंबई

इंदूरच्या मराठी माणसास मुंबई किती दूर असे विचारले, तर तो 'एका रात्रीची' असे उत्तर देतो. संध्याकाळी अवंतिका एक्स्प्रेसमध्ये बसावे, दशम्यांचा डबा सोडावा आणि उजाडता मुंबई सेंट्रलला उतरावे, हा आमच्या घरांतला परिपाठच. मौज अशी की, नैर्ऋत्येस असलेल्या मुंबईला निघालेली ही गाडी आधी उत्तरेस उज्जैनला जाते आणि मग रतलाम, बडोदे, सुरत असा वळसा घेते. त्यामुळे लोहमार्गाने मुंबई सुमारे ८३० किलोमीटर पडते. सेंधवा-धुळे-नाशिकच्या आग्रा रस्त्याने ती ५९० च्या आसपास. आणि बिजासन टेकडीजवळच्या आमच्या विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत सरळ रेषा ओढली, तर अवघी ५०६! मनमाडपर्यंतच्या ३०९ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. तो पुरा होईल तेव्हा हा वळसा टळेल.

गतवर्षी माघात एका रात्री डोंबिवलीहून वहिनींचा फोन आला. "भाऊजी, उद्या अकराला यांना शस्त्रक्रियेला आत नेणार. त्याआधी तुम्ही दिसलात तर यांना धीर येईल." गाडी केव्हाच सुटली होती. पहाटेचे विमान तेवढे उरले.

तिकिटावर प्रवासाची वेळ होती एक तास वीस मिनिटे. ताशी ८०० किलोमीटर वेगाने ५०६ किलोमीटरला किती वेळ लागेल, असे गणित आम्ही फळ्यावर घातले असते, तर मुलांनी ३८ मिनिटे म्हणून पाटी पुढे केली असती. परंतु विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा सारा वेळ तिकिटावर धरलेला असतो. धावपट्टीपर्यंतचे रांगणे, चढणे, उतरणे, सारे त्यात आले.

उजाडता उजाडता खाली नर्मदा दिसली. मग सातपुड्याच्या काळ्या घड्या आणि त्यांपलीकडे तापीची रुंद, फिकट रेघ. ज्या सेंधव्याच्या घाटात एसटीने आमचे बालपण हिंदकळले, तो घाट चहाचा पेला रिकामा होण्याआधी मागे पडला. अशा घाईतही, खानदेश आला हे जाणवून बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

मुंबईवर मात्र विमान घिरट्या घालू लागले. तेथील दोन्ही धावपट्ट्या एकमेकींस छेदतात, म्हणून एका वेळी एकीचाच उपयोग होतो, आणि विमानांची तर रीघ लागलेली. पंचवीस मिनिटे आम्ही तोच समुद्र तीनदा पाहिला. पुढे सामान, टॅक्सी, आणि मग डोंबिवलीचा रस्ता! एवढ्या रस्त्यास दोन तास लागले. सातपुडा आम्ही याहून लवकर ओलांडला होता. रुग्णालयाच्या पायऱ्या चढलो तेव्हा घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. घर सोडल्याला साडेसहा तास होत आले होते. वहिनी बाकावर एकट्याच बसल्या होत्या. "आत्ताच नेलं," त्या म्हणाल्या. "दाराकडेच बघत होते."

संध्याकाळी दादा शुद्धीवर आले. आम्ही हात हातात घेतला. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडून विचारले, "विमानाने आलास ना? किती वेळ लागला?"

"सव्वा तास," आम्ही म्हणालो.