सुतळी, ओळंबा आणि अर्धा सूत

'अलाइनमेंट' म्हटलं की होस्टेलवरच्या निम्म्या पब्लिकला सबमिशनच्या आदल्या रात्रीची वर्डची फाइल आठवत असेल. मला मात्र गेल्या तीन महिन्यांपासून फक्त चाकं दिसतात. जेवताना, लेक्चरला, स्वप्नातसुद्धा! आपल्या वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये ती उघडीबोडकी, एकाच सीटची लाल गाडी उभी असते ना (मेसवाले काका तिला 'खेळण्यातली गाडी' म्हणतात), ती आमच्या टीमची फॉर्म्युला स्टुडंट कार. इंजिन मोटारसायकलचं, सांगाडा पाइपांचा, वजन २३० किलो. सस्पेन्शन आणि स्टिअरिंग माझ्याकडे. जानेवारीत कोइमतूरला कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत स्पर्धेत ती पळवायची होती. (कारी म्हणजे एस. करिवर्धन. मारुती ८०० चं इंजिन घेऊन ज्यांनी फॉर्म्युला मारुती ही रेसची गाडी उभी केली, ते. आमच्या बाबांची पहिली गाडीही मारुती ८००, त्यामुळे मला हा माणूस उगाचच घरचा वाटतो.)

गेल्या वर्षीच्या टीमची गाडी एन्ड्युरन्समध्ये, म्हणजे २२ किलोमीटरच्या शेवटच्या मोठ्या शर्यतीत, अर्ध्यातच थांबली होती. टाय रॉडचा लॉकनट ढिला झाला आणि पुढचं एक चाक भलतीकडेच बघायला लागलं. ड्रायव्हर सुखरूप राहिला, पण वर्षभराची मेहनत पाण्यात. त्याआधी डिझाइनच्या जजनी विचारलं होतं, "टो एवढाच का ठेवला?" आणि उत्तर गेलं होतं, "सर, दुकानवाल्याने केला." तो मार्कांचा कागद आमच्या कॅप्टन सरांनी (म्हणजे फायनल इयरचे सीनिअर हो, प्राध्यापक नव्हे) शेडच्या दारावर चिकटवून ठेवलाय. यंदा तर गाडी चालवणार होती माझी रूममेट. तिच्या आईचा फोन रोज रात्री साडेनऊला येतो आणि मध्ये मध्ये मलाही द्यायला सांगतात. "गाडी बरोबर आहे ना गं?" या प्रश्नाला "हो काकू" म्हणताना घशात काहीतरी अडकायचं.

आता मेकॅनिकलवाले सोडून बाकीच्यांसाठी थोडं. उभं राहून पायाचे दोन्ही अंगठे आत वळवा, हा झाला टो-इन. बाहेर वळवा, टो-आउट. गुडघे फाकवून किंवा चिकटवून उभं राहिलं की पाय आडवे तिरपे होतात, तसं चाक वरून आत किंवा बाहेर झुकलेलं असणं म्हणजे कॅम्बर. आत झुकलं तर निगेटिव्ह. कॅस्टर कळायला सायकलचा पुढचा फोर्क बघा, तो मागे झुकलेला असतो म्हणून सायकल हात सोडूनही सरळ जाते. साध्या गाडीत हे सगळं टायर टिकावेत आणि हायवेला गाडी सरळ चालावी म्हणून ठरवलेलं असतं. रेसच्या गाडीचा हिशेब वेगळा. वळणावर बॉडी बाहेर कलते, त्याबरोबर बाहेरचं चाकही कलतं, मग टायरची फक्त एक कड रस्त्याला टेकते. म्हणून आधीच चाक दीडेक डिग्री आत झुकवून ठेवायचं, म्हणजे ऐन वळणात ते सपाट बसतं. पुढे थोडा टो-आउट दिला की आतलं चाक वळायला आधीच तयार असतं आणि गाडी वळणात पटकन शिरते. मागे थोडा टो-इन ठेवायचा, नाहीतर शेपूट निसटतं.

हे सगळं पुस्तकात आहे. प्रश्न होता, करून कोण देणार?

शहरातल्या एका मोठ्या दुकानात आम्ही गाडी नेली. कॅमेऱ्याचं मशीन, एसी केबिन, सगळं झकास. पण आमच्या गाडीचं नाक जमिनीपासून चार बोटं वर, ते रॅम्पलाच आपटलं. फळ्या लावून कशीबशी चढवली. मग मशीनने विचारलं, गाडी कोणती? यादीत आमची गाडी असणार कशी! ऑपरेटर भाऊंनी एक छोटी हॅचबॅक निवडली, स्क्रीनवर लाल आकडे आले, त्यांनी पाना फिरवला, आकडे हिरवे झाले, प्रिंटआउट हातात. मी म्हटलं, "भाऊ, ड्रायव्हरला आत बसवून मोजा ना." तर म्हणे ग्राहकाला रॅम्पवर बसू देत नाही, आणि बसवून काय होते?

काय होतं ते रविवारी कळलं. पार्किंगमध्ये फक्कीने आठाचा आकडा आखला होता (स्पर्धेत याला स्किडपॅड म्हणतात, आतल्या वर्तुळाचा व्यास १५.२५ मीटर). उजव्या गोलात ५.९ सेकंद, डाव्या गोलात ६.४! आणि सरळ जाताना स्टिअरिंग डावीकडे कललेलं. हिरव्या आकड्यांचा अर्थ एवढाच होता की आमची गाडी आता त्या हॅचबॅकच्या पुस्तकाप्रमाणे होती. शिवाय नऊशे किलोच्या गाडीत एक माणूस बसला तर फार फरक पडत नाही, पण आमच्या २३० किलोत ५२ किलोची रूममेट बसली की ती एकूण वजनाचा जवळपास पाचवा भाग होते. गाडी खाली दबते आणि चाकांचे कोन बदलतात. रिकामी गाडी मोजणं म्हणजे उपाशीपोटी शर्टाचं माप देऊन पंगतीला तो शर्ट घालणं.

बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, अकोल्याला घेऊन ये, आपल्या ओळखीचे एक काका आहेत, ट्रक आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या सरळ करतात. मला जरा हसूच आलं. ट्रॉली आणि फॉर्म्युला कार! पण दुसरा पर्याय नव्हता. छोटा हत्ती ठरवला, गाडी दोरांनी आवळली आणि निघालो.

अमरावती-अकोला रस्ता आता मख्खन आहे. चौपदरीकरण कितीतरी वर्षं रखडलं होतं, लहानपणी मूर्तिजापूर येईपर्यंत माझ्या पोटातलं पाणी हललेलं असायचं. मग जून २०२२ मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात एका लेनच्या हिशेबाने ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत केलं आणि गिनीज बुकात नाव गेलं. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता, २५ किलोमीटरचा. म्हणजे अलाइनमेंट बिघडवणारा रस्ता जाऊन अलाइनमेंट तपासायचा रस्ता आला! पण इथे एक गंमत आहे. रस्त्यालाही कॅम्बर असतो, पाणी वाहून जावं म्हणून तो कडेकडे उतरता असतो. त्यामुळे डाव्या लेनमध्ये हात सोडला की चांगली गाडीही हळूहळू डावीकडे जाते. दर वेळी दोष चाकांचा नसतो. छोट्या हत्तीच्या ड्रायव्हर दादांना हे सांगितलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे बोरगाव मंजूपर्यंत गप्प बसले.

काकांचं वय साठीच्या पुढे. पत्र्याची शेड, जमिनीवर तेलाचे डाग, मशीन वगैरे काही नाही. त्यांनी गाडीला दोन फेऱ्या मारल्या, प्रिंटआउट पाहिली आणि म्हणाले, "मशीनले काय माहीत बाप्पा, तुही गाडी कोन्ती हाय ते? आंधी मानूस बसव."

मी तिथेच त्यांची फॅन झाले.

माणूस तीन तास कसा बसणार, म्हणून त्यांनी ढेपीचं पोतं मागवलं. वजन करून बरोबर ५२ किलो केलं आणि सीटवर जरा पुढे कलतं ठेवलं, कारण माणसाचे पाय पुढे असतात. मग गवंड्याची पारदर्शक नळी पाण्याने भरली आणि चारही चाकांखालची पातळी पाहिली. एक कोपरा चार मि.मी. खाली होता, तिथे पत्र्याचे तुकडे सरकवले. प्रत्येक चाकाखाली दोन गुळगुळीत फरश्या, मध्ये ग्रीस. चाक अडून राहू नये, कोन बदलला की मोकळं सरकावं म्हणून. दुकानातल्या लाखाच्या टर्नप्लेटचं काम दोन फरश्या आणि बोटभर ग्रीसने केलं! टायरमधली हवा सारखी केली, स्टिअरिंग मधोमध धरून बांधून टाकलं.

मग सुतळी. ट्रकला ते मागच्या चाकाला टेकवूनच सुतळी पुढे ओढतात. इथे मी मध्ये पडले. आमच्या गाडीत पुढच्या चाकांमधलं अंतर १२२० मि.मी. आणि मागच्या चाकांमधलं ११८०. सुतळी गाडीच्या मध्यरेषेला समांतर हवी असेल, तर मागच्या हबपासून ती प्रत्येक बाजूला २० मि.मी. जास्त दूर पाहिजे. काकांनी खडूने जमिनीवर आकडेमोड केली, मान हलवली, "हाव, बरोबर हाय तुहं," आणि स्टँड सरकवले. (वायव्हात एवढं सुख कधी मिळालं नाही.)

कॅम्बर मोजला ओळंब्याने. रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून दोरीचं अंतर घ्यायचं. आमच्या रिमचा व्यास साधारण ३५० मि.मी., त्यामुळे दीड डिग्री म्हणजे ९ मि.मी.चा फरक. एक मि.मी.ची शिम घातली की जवळपास ०.३ डिग्री मिळते. आधी कॅम्बर, टो सगळ्यात शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. उलट केलं तर रात्रभर गोल गोल फिरत बसाल.

टोच्या वेळी भाषेची गडबड झाली. काका म्हणाले, "एक सूत बाहीर हाय." मी कॉन्व्हेंटची पोर. मला 'सूत' म्हणजे कापसाचं माहीत! सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मि.मी.ला थोडं वर. आमच्या टाय रॉडला एका टोकाला सुलटे आणि दुसऱ्या टोकाला उलटे आटे आहेत, पिच १.२५, म्हणजे एका पूर्ण वळशात लांबी २.५ मि.मी. बदलते. स्टिअरिंग आर्म ७५ मि.मी.चा. कागदावर मांडून पाहिलं तर पाव वळशाला चाक जवळपास अर्धा डिग्री फिरतं, आणि रिमवर तो फरक येतो २.९ मि.मी. म्हणजे पाव वळसा, एक सूत! काकांचा हात हे गणित चाळीस वर्षं न मांडता करत होता.

पण टो-आउट म्हटल्यावर ते अडले. "काहून? टायर खाईन नं मंग हे! आतल्या कडीनं सगयं सोलून काढीन." मी सांगितलं, आमचा टायर वर्षभर चालवायचा नाही, दोन दिवस चालवायचा आहे. वळण महत्त्वाचं आहे. "अन् सरळ जाताना पोरीच्या हातात गाडी थरथरली तं?" याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. पुस्तकात 'सरळ रेषेतली स्थिरता कमी होते' एवढं एक वाक्य आहे, त्या वाक्यात माझी रूममेट बसलेली नाही. शेवटी ठरलं की मागचं सगळं पक्कं करायचं, पुढचा टो शून्यावर आणायचा आणि टाय रॉडवर खूण करायची. मग कॉलेजात आम्ही तिन्ही पद्धतीने चालवून पाहायचं. खुणेसाठी काकांनी पांढरा पेंट शोधला, सापडला नाही. माझ्या पर्समध्ये नेलपॉलिश होतं. नट आणि रॉड दोन्हींवरून जाईल अशी एकच लाल रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला, लांबूनसुद्धा कळतं.

पैसे विचारले तर काकांनी ट्रॉलीचा रेट लावला. वर रूममेटला म्हणाले, "तयेगाव दशासरच्या शंकरपटात बैल पयवते तसं पयवजो, पन लगाम हातातला सोडू नको."

पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये पाहिलं. टो शून्य असताना दोन्ही गोल सारखे आले, ५.९ आणि ५.९. पोत्याची कृपा. पण रूममेट म्हणाली, वळणात शिरताना गाडी आळस करते. मग दोन्ही चाकं मिळून एक सूत टो-आउट दिला. वेळ ५.७, पण सरळ पट्ट्यात तिला सतत स्टिअरिंग सावरावं लागत होतं. थर्मल लॅबमधून आणलेल्या इन्फ्रारेड गनने टायर पाहिले तर आतली कड बाहेरच्यापेक्षा बरीच गरम. (ताप मोजायची कपाळाला लावतात ती बंदूक इथे चालत नाही, ती साधारण बेचाळीसच्या वर हात टेकते.) मग अर्धा सूत. म्हणजे प्रत्येक चाकाला ०.८ मि.मी., पाव वळशाच्याही पाव. उजवीकडे ५.७, डावीकडे ५.८, आणि सरळ पट्ट्यात हात स्थिर. रूममेट हेल्मेट काढून म्हणाली, "आता हिच्यात बसून मी आईशी फोनवर बोलू शकते." बोलू दिलं नाही, हे सांगायला नको.

काकांना फोन केला. "अर्धा सूत ठेवलं काका."

"मंग ठीक हाय. नट पाह्यजो रोज."

कोइमतूरला बावीस किलोमीटर पूर्ण झाले. नंबर मधलाच आला, पण रेघा चारही चाकांवर अख्ख्या होत्या, आणि जजनी टोचा प्रश्न विचारला तेव्हा मी तिन्ही सेटिंगच्या वेळा आणि टायरची तापमानं पुढे ठेवली. त्यांनी 'सूत' म्हणजे काय ते विचारून आपल्या वहीत लिहून घेतलं.

ज्युनिअर्ससाठी सेटिंगचा कागद शेडच्या दारावर, जुन्या मार्कांच्या कागदाशेजारी लावलाय. पुढे कॅम्बर उणे १.५, मागे उणे १, पुढे टो-आउट एकूण अर्धा सूत, मागे टो-इन प्रत्येकी एक मि.मी., ड्रायव्हरच्या वजनासह. ड्रायव्हर बदलला की पोत्याचं वजन बदला. सुतळीचं बंडल आणि ओळंबा कपाटाच्या खालच्या खणात आहेत, गॅदरिंगच्या पताका बांधायला कृपया कुणी नेऊ नयेत. आणि नेलपॉलिश संपत आलंय, गर्ल्स होस्टेलमधून कुणी लाल रंगाचं दान करणार असेल तर रूमवर आणून द्यावं.