आजींच्या खोलीतला दिवा

बँकेतल्या बदलीमुळे साताऱ्याचे हे कुटुंब चंदीगडला आले आणि सेक्टर 22 मध्ये एका जुन्या घराचा तळमजला त्यांनी भाड्याने घेतला. एका खोलीत आजी आणि दहावीतली नात. नातीला उजेडात झोप येत नाही. आजींना रात्री दोनदा तरी उठावे लागते आणि अंधारात त्यांना नीट दिसत नाही. यावर तोडगा होता तो बोर्डावरचा डिमर. घरमालकाने कधीतरी बसवलेला. त्याची गोल चकती फिरवताना आजी म्हणत, "अगदी कंदिलाची वात बारीक केल्यासारखं वाटतं बघ."

जानेवारीत 60 वॉटचा जुना बल्ब गेला. चिरंजीवांना वीज वाचवण्याची भारी हौस. त्यांनी 9 वॉटचा एलईडी आणून लावला. पूर्ण उजेड ठेवला की सगळे ठीक, पण मंद केला की दिवा लुकलुकायचा आणि बोर्डातून भुंग्यासारखा आवाज यायचा. दोन रात्री आजी काहीच बोलल्या नाहीत. तिसऱ्या रात्री नातीची झोपमोड नको म्हणून अंधारातच उठल्या आणि पलंगाच्या कोपऱ्यावर आदळल्या. गुडघा टम्म सुजला. हाड वाचले हेच नशीब.

रविवारी सकाळी चिरंजीव स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उभे राहिले.

"अहो, आधी मेन स्विच बंद करा."

"अगं, बटण बंद आहे की!"

सुनेने वाद घातला नाही. पट्टी सैल झालीच होती. तिने टेस्टर डिमरच्या स्क्रूला टेकवला, तर तो लख्ख पेटला! पूर्वी कुणीतरी ते बटण फेजऐवजी न्यूट्रलच्या तारेवर जोडून ठेवले होते. म्हणजे बटण बंद केले की दिवा विझे, पण बोर्डात वीज खेळतीच राही. चिरंजीव निमूटपणे मेन बंद करून आले. टेस्टर पुन्हा लावून पाहिला, तेव्हाच बोर्डाला हात लावला.

बाजारातून नवा डिमर आला. दुकानदाराने "दिव्याचा की पंख्याचा?" असे विचारले म्हणून बरे, नाहीतर चिरंजीव पंख्याचा रेग्युलेटर घेऊनच आले असते! नवा डिमर बसला, मेन सुरू झाला, आणि दिवा पुन्हा लुकलुकू लागला.

शेवटी मिस्त्रीला बोलावले. त्याने आधी बटण फेजवर घेतले. मग आजींकडे वळून म्हणाला, "बीजी, डिमर तो ठीक है, बल्ब बदलो."

त्याचे म्हणणे साधे होते. डिमर वीज कमी दाबाने सोडत नाही, सेकंदाला 100 वेळा तिचा तुकडा कापतो. जुन्या बल्बची तार तापलेली असते, मधल्या क्षणांत ती थंड होत नाही, म्हणून डोळ्यांना फरक कळत नाही. एलईडीच्या पोटात मात्र छोटे सर्किट असते. ते अखंड विजेसाठी बनवलेले असेल तर असे तुकडे त्याला पचत नाहीत. शिवाय 9 वॉटचा भार जुन्या पद्धतीच्या डिमरला फारच थोडा पडतो. यावर उपाय दोन: पुन्हा जुना 60 चा बल्ब लावायचा, किंवा खोक्यावर 'डिमेबल' लिहिलेला एलईडी आणून त्याला चालणारा डिमर बसवायचा.

"नाहीतर झीरोचा बल्ब लावू या का?" सुनेने विचारले. नाव झीरो असले तरी जुना झीरो बल्ब 12-15 वॉट वीज खात असे. आता अर्ध्या वॉटचे एलईडीही मिळतात. पण आजींना चकतीच हवी होती.

चिरंजीवांनी दुसरा उपाय निवडला. किंमत आजींना सांगितली नाही. नवा दिवा लुकलुकत नाही, आवाजही करत नाही. मात्र वात फार बारीक केली की एकदम विझतो. तो नेमका कुठे विझतो हे आजींनी दोन रात्रींत हेरले आणि त्याच्या जरा अलीकडे, चकतीशेजारी, नातीची एक लाल टिकली चिकटवून ठेवली.