हुर्यो कुणाची उडवायची?

परवा भाच्यानं एक जुना व्हिडिओ दाखवला. ऑगस्ट २०१८, अमेरिकेतलं लास वेगास. 'एव्हो' नावाची फायटिंग गेमची जगातली सगळ्यात मानाची स्पर्धा. खेळ 'सुपर स्मॅश ब्रदर्स', निन्टेंडो कंपनीचा. फायनल चालू आहे, भलंमोठं सभागृह आहे, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवायच्या ऐवजी चक्क हुर्यो उडवताहेत. काही जण उठून निघालेत. क्रिकेट-कबड्डीत हे आपण पाहिलंय, पण व्हिडिओ गेमच्या फायनलला लोक खेळाडूंवर एवढे का चिडले, हे काही मला कळेना. म्हणून जरा खोलात गेलो. वाचून काढल्यावर वाटलं, हे आपल्या पेजवर लिहायलाच पाहिजे. गेममधलं कळत नसलं तरी शेवटपर्यंत वाचा.

भांडण एका पात्रावरून होतं. या खेळात खेळणाऱ्यानं आपलं पात्र निवडायचं असतं. मारिओ, पिकाचू असे डझनावारी लढवय्ये. समोरच्याला मारून मारून मंचाबाहेर फेकायचं, एवढाच खेळ. त्या फायनलला दोघांनीही एकच पात्र घेतलं होतं, बायोनेटा नावाची चेटकीण. तिची खासियत अशी, की एकदा समोरचा तिच्या तावडीत सापडला की ती त्याला हवेत उचलते, आणखी वर नेते, आणखी वर, आणि थेट पडद्याच्या वरच्या टोकातून बाहेर. ज्याला मार बसतोय त्याच्या हातात फारसं काही उरत नाही. त्याउलट तिच्यावर कुणी हल्ला केला आणि तिनं तो नेमक्या वेळी चुकवला, तर समोरच्याचीच गती मंदावते. मग दोन्हीकडे बायोनेटा असल्या की काय होणार? दोघेही जपून, लांब लांब, दुसरा कधी चुकतोय याची वाट बघत. बघणाऱ्याचा जीव जातो. त्या फायनलला तर एका टप्प्यावर दोघे लढायचं सोडून वेळच काढायला लागले, शेवटी संयोजकांना मध्ये पडावं लागलं.

शिवाय हा राग एका दिवसाचा नव्हता. २०१६ मध्ये ती खेळात आली तेव्हा स्पेनमधल्या संयोजकांनी आपल्या स्पर्धांत तिच्यावर सरळ बंदीच घातली होती. त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीनं तिची ताकद थोडी कमी केली, आणि त्यानंतर त्या खेळात पात्रांच्या ताकदीत दुरुस्ती करणंच थांबवलं. २०१७ ची एव्होसुद्धा बायोनेटा घेऊन खेळणाऱ्यानंच जिंकली. म्हणजे २०१८ उजाडेपर्यंत प्रेक्षक दोन वर्षं तेच ते बघत होते. त्यांचा कंटाळा खोटा नव्हता, हे आधी मान्य करतो. तिकीट काढून आलेल्या माणसाला कंटाळायचा हक्क आहेच.

पण आता खरी गंमत ऐका. बायोनेटा त्या खेळात आली कशी? मतदानानं! २०१५ मध्ये निन्टेंडोनं जगभरातल्या चाहत्यांना विचारलं होतं, तुम्हाला कुठलं पात्र हवं? कित्येक महिने मतदान चाललं. कंपनीनंच पुढे जाहीर केलं, की युरोपात ती पहिली आली, आणि जगभरात, जी पात्रं प्रत्यक्षात आणणं शक्य होतं त्यांच्यात, तीच पहिली. म्हणजे लोकांनी निवडून दिलेली उमेदवार! आणि निवडून दिल्यावर तिच्याच नावानं शिमगा. वीस वर्षं पालिकेच्या सभा कव्हर करणाऱ्या माझ्यासारख्याला हे काही नवीन नाही म्हणा.

लोकांना अनपेक्षित काही आवडतच नाही, असंही नाही. त्याच्याच पुढच्या वर्षी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, शांघायला 'डोटा २' या खेळाची जागतिक स्पर्धा झाली. त्यात 'आयओ' नावाचं पात्र आहे, दिव्यासारखा एक तरंगणारा गोळा. तो इतरांना मदत करायला घेतात. ओजी संघाच्या ॲना नावाच्या खेळाडूनं त्यालाच मुख्य मारेकरी करून खेळवलं. ओजीनं सलग दुसऱ्यांदा ती स्पर्धा जिंकली, जे आधी कुणाला जमलं नव्हतं. तिथे लोक नाचले. आता बघा, दोन्हीकडे खेळाडूंनी काय केलं? नियमात जे बसतं त्यातून जिंकायची वाट शोधली. एकाची वाट नवी होती म्हणून टाळ्या, दुसऱ्यांची पाहून पाहून गुळगुळीत झाली होती म्हणून हुर्यो. खेळाडूच्या सचोटीचा प्रश्न दोन्हीकडे नव्हताच.

मग त्या सभागृहातल्या रागाचा पत्ता कोणता? बायोनेटाला तेवढी ताकद कंपनीनं दिली. ती पुरेशी कमी केली नाही, तीही कंपनीनंच. तिला बंदी नाही हा निर्णय संयोजकांचा. मंचावर बसलेल्या दोघांनी यातलं काहीच ठरवलं नव्हतं. पण कंपनीचा माणूस समोर नव्हता आणि ते दोघे होते. आपल्याकडे एसटीची भाडेवाढ मुंबईत ठरते (जानेवारी २०२५ ची आठवतेय ना, १४.९५ टक्के?) आणि शिव्या कोण खातो? पहाटेच्या गाडीतला कंडक्टर. तसंच.

प्रो कबड्डीत मोकळ्या चढायांना लोक कंटाळले असते. तिथे सलग दोन चढाया मोकळ्या गेल्या की तिसरी 'करो या मरो' असा नियम आहे. गुण नाही आणला तर चढाईपटू बाद. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ट्रेव्हर चॅपलनं न्यूझीलंडविरुद्ध शेवटचा चेंडू जमिनीवरून घरंगळत टाकला, तोही भावाच्या, म्हणजे कर्णधाराच्या सांगण्यावरून. जग चिडलं, पण नंतर नियम बदलला, प्रश्न मिटला. आपल्या विनू मंकडांचं नाव मात्र १९४७ पासून एका धावबादला चिकटलं ते चिकटलंच, आणि तो बाद तेव्हाही नियमातच होता.

हे सगळं आज लिहिण्याचं कारण आपल्याच तालुक्यातलं आहे. मागे एका मंडळानं हॉलमध्ये मोबाईल गेमची स्पर्धा ठेवली होती, फ्री फायर मॅक्सची. मी बातमीसाठी गेलो होतो. सेमीफायनलला अकरावीतल्या एका पोरानं एक पात्र घेतलं, ज्याच्या खास शक्तीवर बाकीच्यांचा राग होता. मागून 'चीटर, चीटर' सुरू झालं. मग आई-बहिणीवरून. संयोजक मंचावर हसत उभे. पोराचा संघ जिंकला, पण फायनल खेळून तो बक्षिसाच्या फोटोला थांबला नाही, सायकल काढून गेला. त्यानं काहीही चोरून केलं नव्हतं. या गेममध्ये खेळाची रूम जो बनवतो, त्यालाच पात्रांच्या खास शक्ती चालू ठेवायच्या की बंद, हे ठरवता येतं. त्या दिवशी त्या चालू होत्या. ठेवल्या कुणी? मंडळानं. आणि नियमांचा साधा एक कागदसुद्धा हॉलच्या दाराला लावलेला नव्हता.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलेल्या कायद्यानं ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली. आता गावोगावी अशा स्पर्धा वाढणार, गणपतीत तर हमखास. तेव्हा मंडळाच्या कार्यकर्त्यांना, आमच्या दादा-भाऊंना एक विनंती. कुठलं पात्र चालेल, शक्ती चालू की बंद, हे प्रवेश फी घेतानाच लेखी द्या. आणि शिवीगाळ सुरू झाली की माईक तुमच्याच हातात असतो, तो वापरा. तो पोरगा परवा एसटी स्टँडवर भेटला होता. यंदा खेळणार का विचारलं, तर म्हणाला, "काका, ते पात्र सोडून दुसरं शिकतोय."